शब्दांची उठाठेव : सात पत्रं आणि एक ‘रूल’

संपादकांकडून या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा आला, त्यावर चिठ्ठी टाचलेली होती : ‘बाई, यातली सात पत्रं एकाच शब्दाची आहेत. एकदाच काय ते उरका.’ शब्द ‘रूल’. मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं, की या इंग्रजी क्रियापदाला ‘राज्य करणे’ एवढा एकच अर्थ चिकटवून ठेवला तर निम्म्या वेळा फसायला होतं. त्यावर ही पत्रं आली. न्यायालयाच्या भाषांतर शाखेत मी ३१ वर्षं काढली, त्यामुळे या शब्दाशी माझाही जुना हिशेब आहे. तोही याच निमित्ताने चुकता करते.

प्रश्न : जमिनीच्या प्रकरणात आम्ही मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली. परवा आदेश निघाला. त्यात सुरुवातीलाच ‘रूल’ एवढा एकच शब्द आणि पुढे पूर्णविराम. वकीलसाहेब फोनवर म्हणाले, ‘रूल मिळाला.’ आम्ही गावात पेढे वाटले. आता धाकटा भाऊ म्हणतो, अजून काहीच झालेलं नाही. खरं काय? (एक शेतकरी, जुन्नर तालुका)

भाऊ बराचसा बरोबर आहे. पेढे थोडे लवकर वाटलेत.

‘रूल’ म्हणजे न्यायालयाने तुमची याचिका ऐकण्याजोगी मानली, सुनावणीसाठी दाखल करून घेतली आणि समोरच्याला विचारलं : हा मागतोय तो आदेश का देऊ नये, कारण दाखव. याचं पूर्ण नाव ‘रूल निसी’. ‘निसी’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ ‘तसं नसेल तर’. म्हणजे आदेशाची रेघ पेन्सिलीने ओढून ठेवलीय. समोरच्याने पटण्याजोगं कारण दाखवलं तर ती खोडायची, नाही दाखवलं तर शाईने गिरवायची. शाईने गिरवली की लिहितात ‘रूल मेड ॲब्सोल्यूट’, म्हणजे याचिका मंजूर. खोडली तर ‘रूल डिस्चार्ज्ड’, म्हणजे याचिका फेटाळली. पेढ्यांचा दिवस तो पहिला. आणि एक गोष्ट आजच पाहून घ्या : रूल मिळाला म्हणजे स्थगिती मिळाली असं होत नाही. स्थगिती दिली असेल तर आदेशात खाली तसं वेगळं लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर वकीलसाहेबांना तोच प्रश्न आधी विचारा.

‘रूल’च्या पुढेच ‘रूल मेड रिटर्नेबल फोर्थविथ, हर्ड फायनली बाय कन्सेंट’ असं असेल, तर मात्र मामला वेगळा. तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीने लगेच अंतिम सुनावणी झालेली असते. मग पहिली ओळ सोडा आणि शेवटचा परिच्छेद वाचा.

हे वाक्य मला जन्मभर पुरलंय. नोकरीला लागून तीन महिने झाले होते, आणि मी ते शब्दाला शब्द ठेवून उतरवलं : ‘नियम. नियम तात्काळ परत करण्याजोगा करण्यात आला.’ आमचे मुख्य भाषांतरकार, ज्यांना सगळी शाखा अण्णा म्हणायची, रागावले नाहीत. समासात लाल शाईने एवढंच लिहिलं : ‘कोणाला परत? दुकानदाराला?’ तो कागद शाखेत महिनाभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. पुढे आम्ही ‘रूल’ला मराठी कपडे घालायचा नादच सोडला. ‘रूल जारी’ असंच लिहायचो. पक्षकारही तेच बोलतात, वकीलही तेच बोलतात, आणि तुम्हीही पत्रात तेच लिहिलंय.

प्रश्न : आईला महिनाभर खोकला आहे. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘रूल आउट टीबी’ असं लिहिलं. माझ्या समजुतीप्रमाणे ‘रूल आउट’ म्हणजे वगळणे. म्हणजे टीबी नाही, असंच ना? मग तपासण्या कशाला सांगितल्या? (एक वाचक, नाशिक)

‘म्हणजे नाही’ असं धरून घरी बसू नका. हे पत्र अंकात येईपर्यंत वेळ जाणार म्हणून मी संपादकांना तुम्हाला आधी फोन करायला सांगितलं होतं. इतरांसाठी उत्तर इथे देते.

सगळा खेळ शेवटच्या ‘ड’चा आहे. ‘टीबी रूल्ड आउट’ असं लिहिलं असतं तर टीबी नाही हे ठरलं. ‘रूल आउट टीबी’ हे डॉक्टरांचं स्वतःला आणि तपासणाऱ्याला सांगणं आहे : टीबी नाही ना, याची खात्री करून घ्या. ती खात्री थुंकीच्या तपासणीने आणि एक्स-रेने होते, कागदावरच्या त्या दोन शब्दांनी होत नाही. कित्येक डॉक्टर नुसतं ‘आर’, तिरपी रेघ, ‘ओ’ एवढंच लिहितात. ते पाहून काही घरांत रडारड होते, काही घरांत सुटकेचा निःश्वास. दोन्ही घाईचं. चिठ्ठी कळली नाही तर डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारावं. त्यात कमीपणा काही नाही.

जाता जाता वर्तमानपत्रांशी माझं एक भांडण. ‘घातपाताची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य याच ‘रूल आउट’मधून आलेलं आहे आणि आता इतकं रुळलंय की कोणाला खटकतही नाही. मला खटकतं. शक्यता ही काय जेवणाचं आमंत्रण आहे नाकारायला? ‘घातपात नाही असं अजून म्हणता येत नाही’, झालं.

प्रश्न : ‘रेन’, ‘रूल’ आणि ‘गव्हर्न’ या तिन्हींना आमच्या कोशात ‘राज्य करणे’ दिलंय. परीक्षेत फरक विचारतात. उदाहरणासह सांगाल का? (बी. ए.ची विद्यार्थिनी, लातूर)

उदाहरणासाठी लंडनला जायचं कारण नाही, सातारा पुरे.

शाहू छत्रपती १७४९ साली वारले. त्यानंतरही गादी साताऱ्यालाच राहिली. पेशवा व्हायचं तर पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यावी लागत. पण फौज उत्तरेला जायची की कर्नाटकात, चौथाई कोणाकडून किती घ्यायची, कोणाला सरंजाम द्यायचा, हे सगळं पुण्यात ठरायचं. तर इंग्रजीत म्हणायचं झालं तर छत्रपती ‘रेन’ करत होते आणि पेशवे ‘रूल’ करत होते. ‘रेन’ला गादी लागते, ‘रूल’ला हातात चाबूक लागतो. गंमत पुढे आहे. १७७४ साली सवाई माधवराव जन्मले आणि ४० दिवसांचे असतानाच त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. ४० दिवसांचं पोर काय रूल करणार? मग पेशवाही नुसता गादीवर, आणि चालवणारे बारभाई, पुढे एकटे नाना फडणवीस. सत्ता एक पायरी आणखी खाली सरकली.

‘गव्हर्न’मध्ये सत्तेपेक्षा चालवण्यावर भर. त्याचं मूळ ग्रीक भाषेतलं, सुकाणू धरण्याचं. जकात, कोतवाली, कागदपत्रं, हिशेब, रोजचं गाडं. याला आपला ‘कारभार करणे’ हा शब्द इतका चपखल आहे की कोशकारांना तो का सुचला नाही, कळत नाही. ‘रेन’ला ‘गादीवर असणे’, ‘रूल’ला ‘सत्ता चालवणे’, ‘गव्हर्न’ला ‘कारभार करणे’. परीक्षेत एवढं लिहिलंस तरी पूर्ण गुण मिळावेत. नाही मिळाले तर मला कळव.

तू विचारलं नाहीस, पण ‘डिव्हाइड अँड रूल’चं मराठी मला भारी आवडतं. कुठल्या तरी मराठी डोक्याने ‘फोडा आणि राज्य करा’ हे नाकाने वास घेऊन बाजूला सारलं आणि ‘फोडा आणि झोडा’ केलं. ‘रूल’चा अर्थ झोडणे असा कुठल्या कोशात नाही. ज्याच्या पाठीवर ते राज्य झालं, त्याने केलेलं भाषांतर आहे ते.

आणि व्याकरणाची एक बारीक गोष्ट. ब्रिटिशांचं एक देशभक्तिगीत आहे, १७४० सालचं. त्यात ब्रिटानियाला उद्देशून ‘लाटांवर सत्ता चालव’ असं म्हटलंय, आज्ञार्थी. पुढे लोक त्या क्रियापदाला शेवटी एक ‘एस’ जोडून गाऊ लागले, ‘सत्ता चालवते’. आर्जवाची फुशारकी व्हायला एक अक्षर पुरलं.

प्रश्न : आमच्या गावात लोकमान्यांनी होमरूल लीग काढली. त्यांच्यासारख्या मराठीच्या जाणकाराने ‘होमरूल’ हा इंग्रजी शब्द तसाच का ठेवला? (एक निवृत्त ग्रंथपाल, बेळगाव)

तसाच ठेवला असं नाही, दोन्ही चालवले. सभेत ‘स्वराज्य’, लीगच्या नावात ‘होमरूल’. १९१६च्या एप्रिलमध्ये तुमच्या बेळगावात लीग निघाली तेव्हा ‘होमरूल’ हा आयर्लंडची मागणी म्हणून इंग्रजांच्या स्वतःच्या पार्लमेंटात वर्षानुवर्षं घोटलेला शब्द होता. जो शब्द तिथे उघड बोलता येतो, तो इथे राजद्रोह कसा म्हणणार? यात माझ्या मते वकिली डोकं आहे.

टिळकांची मांडणी वरच्या लातूरच्या उत्तराशी जोडून वाचा. राजाबद्दल आमची तक्रार नाही, तक्रार आहे मधल्या नोकरशाहीबद्दल. राजा राहू दे, घरचा कारभार घरच्यांच्या हाती द्या. म्हणजे ‘रेन’ त्यांचं, ‘रूल’ आमचं. साताऱ्याची गादी आणि पुण्याचा कारभार ज्या मुलखाने पाहिला होता, त्याला हे समजावून सांगावं लागलं नसेल.

सरकारला ते पचलं नाही. बेळगावचं एक आणि नगरची दोन अशी तीन भाषणं उचलून पुण्याच्या जिल्हा न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीसाठी वर्षभराचा जामीन मागितला : स्वतःचा २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि १०,००० रुपयांचे दोन जामीनदार. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांची बाजू बॅ. जिनांनी मांडली, आणि १९१६च्या नोव्हेंबरमध्ये न्या. बॅचलर आणि न्या. शाह यांनी तो हुकूम रद्द केला. भाषणं मराठीत झालेली, न्यायालयासमोर त्यांची इंग्रजी भाषांतरं. मी नोकरीत असताना कंटाळा आला की मला हटकून त्या भाषांतरकाराची आठवण यायची. ‘स्वराज्य’, ‘नोकरशाही’, ‘कारभार’ या एकेका शब्दाला तो कोणता इंग्रजी शब्द लावतो, यावर २०,००० रुपये अडकलेले.

प्रश्न : ‘सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल ओव्हररूल केला’ असं बातम्यांत येतं. माझा वकील भाचा म्हणतो, हे चूक आहे. तसंच, घरात बायको मला ओव्हररूल करते असं मी म्हणतो, तेही चूक का? (एक निवृत्त शिक्षक, पुणे)

भाच्याला शाबासकी द्या. त्याच खटल्यात अपील होऊन वरच्या न्यायालयाने खालचा निकाल फिरवला तर तो ‘रिव्हर्स’ केला किंवा ‘सेट असाइड’ केला. मराठीत ‘निकाल फिरवला’, ‘रद्द केला’. ‘ओव्हररूल’ होतो तो कधीतरी पूर्वी, दुसऱ्याच कोणाच्या खटल्यात सांगितलेला कायदा. मोठं पीठ बसतं आणि म्हणतं, तेव्हा कायद्याचा जो अर्थ लावला तो बरोबर नव्हता, यापुढे तो धरू नका. ‘मोडीत काढला’ हे मला जवळचं वाटतं.

नेहमीचं उदाहरण गोलकनाथ खटल्याचं. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी, ६ विरुद्ध ५ अशा मतांनी, संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही असं सांगितलं. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीश बसले आणि गोलकनाथ मोडीत निघाला. पण ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने त्याच निकालात नवी कुंपणरेषाही आखली गेली : दुरुस्ती करा, मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावायचा नाही. दोन्हीकडचे मोठे वकील आपल्या मुंबईचे, याचिकाकर्त्याकडून नानी पालखीवाला आणि केरळ सरकारकडून एच. एम. सीरवई.

माझ्या मनातून मात्र दुसरं उदाहरण जात नाही. आणीबाणीत, १९७६ साली, एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असं ठरवलं, की स्थानबद्ध माणसाला आपली सुटका मागायला न्यायालयाचं दार उघडं नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. बहुमतात पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात ९ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय मोडीत काढला, आणि तसं लिहिणारे होते न्या. धनंजय चंद्रचूड, त्यांचे चिरंजीव. आता ‘ओव्हररूल’ आणि ‘रिव्हर्स’ यांतला फरक इथे पाहा. ज्यांना १९७६ साली परत पाठवलं, त्यांना २०१७ साली काहीही मिळालं नाही. ती माणसं तुरुंगातून केव्हाच सुटली होती, काही जगातूनही गेली असतील. ४१ वर्षांपूर्वीचा निकाल होता तिथेच राहिला. बदलला तो यापुढे येणाऱ्यांसाठीचा कायदा.

साक्षीच्या वेळी वकिलाने घेतलेली हरकत न्यायाधीश ‘ओव्हररूल’ करतात, ते याहून साधं : ‘हरकत फेटाळली’. मान्य केली तर ‘सस्टेन्ड’. सिनेमात हे जितक्या जोरात ओरडतात तितक्या जोरात मी कधी ऐकलं नाही. आमच्या न्यायालयात बहुतेकदा न्यायाधीश मानही वर न करता पुटपुटायचे आणि लघुलेखक अंदाजाने लिहायचा.

घरच्याबद्दल तुमचं बरोबर आहे. ओव्हररूल करायला वरचा अधिकार लागतो. तो कोणाचा, हे तुम्ही पत्रात लिहूनच दिलंय.

प्रश्न : इंग्रजी पेपरात बाजाराच्या बातमीत ‘प्राइसेस रूल्ड फर्म’ असं छापतात. भाव कोणावर राज्य करतात? (भुसार व्यापारी, वाशी)

कोणावर नाही. इथे ‘रूल’ म्हणजे दिवसभर अमुक पातळीवर टिकून राहणे. ‘भाव टणक राहिले’ असं तुम्ही रोज म्हणताच. तरी भाव कोणावर राज्य करतात, हे मला किराणा भरताना कळतं.

प्रश्न : मी मुलीकडे न्यू जर्सीला आले आहे. सात वर्षांचा नातू शाळेतून आला आणि म्हणाला, ‘आजी, किंग पण रूलर आणि ही पण रूलर?’ हातात फूटपट्टी. मी गप्पच झाले. त्याला काय सांगू? (एक आजी, सध्या न्यू जर्सी)

सांगा, की पट्टी थोरली. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘रेग्युला’ आहे, म्हणजे सरळ काठी, पट्टी. ती आली ‘रेगेरे’ या क्रियापदावरून, सरळ ठेवणे, सरळ नेणे. पट्टी लावून रेघ ओढायची, रेघेबाहेर जायचं नाही; त्यातून झाला नियम, आणि रेघ कुठे ओढायची हे ठरवणारा तो रूलर. लॅटिनमध्ये राजाला ‘रेक्स’. तो आपल्या ‘राजन्’चा भाऊ, आणि ‘ऋजु’ म्हणजे सरळ हाही भाषाशास्त्रज्ञांच्या मते त्याच कुळातला. म्हणजे नातवाचा प्रश्न वाटतो तेवढा दूरचा नाही, आपल्याच घराण्यातला आहे.

मराठीत आपण हे सगळं ‘आखणे’ या एका शब्दावर भागवतो. वहीचं पान आखायचं, कबड्डीचं मैदान आखायचं, धोरण आखायचं, आणि सुनेला मर्यादा आखून द्यायची. नातवाला मराठी येत असेल तर हा शब्द द्या, इंग्रजीपेक्षा लवकर कळेल.

आमच्या लहानपणी चपटी पट्टी नंतर आली, आधी ‘रूळ’. हा शब्द कानाला तरी ‘रूल’च्याच घरचा वाटतो. माझे वडील एका पेढीवर हेडक्लार्क होते. त्यांच्याकडे हातभर लांबीचा काळा, गोल, शिसवी रूळ होता. खातेवहीचं कोरं पान समोर घ्यायचे, रूळ वर ठेवायचे, रेघ ओढायची, तळव्याने एक वळसा पुढे लोटायचा, पुन्हा रेघ. मापाची खूण एक नाही, आणि पान भरलं तरी दोन रेघांतलं अंतर केसाएवढंही इकडेतिकडे नाही. मी मांडीला मांडी लावून बघत बसायची. पाढे चुकले की तोच रूळ बोटांच्या पेरांवर यायचा, तेव्हा त्याचे दोन्ही अर्थ मला एकाच संध्याकाळी कळायचे.

तो माझ्या टेबलावर अजून आहे. गोल असल्यामुळे जरा धक्का लागला की गडगडत खाली जातो, आता हे लिहितानाही दोनदा गेला. नातवाला दाखवायचा असेल तर संपादकांकडे तुमचा पत्ता कळवा, फोटो काढून पाठवते.